प्रवाशांच्या नावानं नको : नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांना खुले पत्र

यावल, जि. जळगाव
१५ डिसेंबर २०२५

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,


या महिन्याच्या ५ तारखेला डीजीसीएनं (नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयानं) इंडिगो विमान कंपनीला पायलटांच्या रात्रपाळीच्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. कारण दिलं गेलं, कंपनीची विमानं घाऊक रद्द झाल्यानं झालेल्या प्रवाशांच्या हालांचं. हाल झाले हे खरंच. बॅगांचे डोंगर, फरशीवर झोपलेली म्हातारी माणसं, परीक्षेला निघालेली पोरं, अडकून पडलेली वऱ्हाडं हे सगळं आम्ही टीव्हीवर पाहिलं. हुबळीत तर नवरा-नवरीला स्वतःच्याच स्वागत समारंभाला व्हिडिओ कॉलवर हजेरी लावावी लागली. त्या दिवसांत तुमच्या खात्यानं तिकिटांना कमाल दर लावले, परताव्याला मुदत घातली, कंपनीच्या फेऱ्या दहा टक्क्यांनी कापल्या. ते योग्यच केलं. पण नियमातली ती सूट प्रवाशांच्या नावानं दिली गेली, आणि मीही प्रवासी आहे. माझ्या नावानं ती द्यायला नको होती, एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय. नुसतं एवढं म्हणून तुम्हाला पटायचं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

मी एसटीतला माणूस. वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. ड्युट्या लावणं, गाड्या सोडणं, कोण आला नाही ते पाहून त्याच्या जागी दुसरा शोधणं यात उमेदीची वर्षं गेली. विमानाची आणि आमची ओळख अलीकडची. जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये झाला, उडान योजनेतून पहिलं विमान २०१७ च्या डिसेंबरात आलं. एअर डेक्कन आली नि गेली, ट्रूजेट आली नि गेली, आता २०२४ पासून फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर आहेत. आमच्याकडे अजूनही लोक आधी ‘सध्या चालू आहे का?’ असं विचारतात आणि मग तिकीट काढतात. तेव्हा विमान रद्द होणं म्हणजे काय हे खान्देशातल्या माणसाला दिल्लीवाल्यांनी शिकवायला नको. अख्ख्या कंपन्या रद्द झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

आता तो नियम. तो काही काल-परवाचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएनं पायलटांच्या ड्युटीचे सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर. रात्र म्हणजे बारा ते पाच, ती झाली बारा ते सहा. रात्रीच्या ड्युटीत आधी सहा लँडिंग चालायची, ती दोनवर. हे १ जून २०२४ पासून लागू व्हायचं होतं. कंपन्या म्हणाल्या, माणसं नाहीत, जमणार नाही. तारीख पुढे गेली. पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढतच होत्या, शेवटी तिथं वेळापत्रक ठरलं : काही कलमं १ जुलै २०२५ पासून, रात्रीची उरलेली १ नोव्हेंबरपासून. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली. त्याच काळात इंडिगोनं हिवाळी वेळापत्रकात फेऱ्या वाढवून मागितल्या आणि त्या मंजूरही झाल्या. मंजुरी डीजीसीएच देतं. एका हातानं विश्रांती वाढवली, दुसऱ्या हातानं फेऱ्या वाढवल्या. मधल्या माणसांची बेरीज कोणी करून पाहिली, हे मला तरी दिसलं नाही.

ती बेरीज नंतर पेपरांत आली. एकट्या नोव्हेंबरात या कंपनीच्या १,२३२ फेऱ्या रद्द झाल्या, त्यातल्या ७५५ पायलट-क्रूच्या टंचाईनं आणि नव्या नियमांमुळे. डिसेंबरातला गोंधळ आभाळातून पडला नव्हता, महिनाभर आधीच नळ ठिबकायला लागला होता. त्याहून बोलका आकडा दुसरा. एअरबस विमानांसाठी नव्या नियमांप्रमाणे कॅप्टन लागतात २,४२२, हाताशी आहेत २,३५७. म्हणजे ६५ कमी. सह-वैमानिक तर गरजेपेक्षा थोडे जास्तच होते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, अडीच हजारांत ६५ म्हणजे काय मोठं? ड्युट्या लावणाऱ्याला विचारा. टी-९ रोटेशन, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, भरताना जेवढ्या ड्युट्या तेवढेच चालक असले, तर तो डेपो पहिल्याच पावसात बसतो. कोणी आजारी पडतं, कोणाची साप्ताहिक सुट्टी असते, कोणाची गाडी घाटात बंद पडते आणि माणूस तिकडेच अडकतो. म्हणून स्पेअर चालक ठेवावे लागतात. बसून पगार खातात म्हणून वरच्यांच्या डोळ्यांवर येतात ते हेच, आणि सगळ्यात आधी कापले जातात तेही हेच. ज्या हिशेबात काठावरची माणसंही कमी, त्यात एक उशीर दुसऱ्याला धक्का देतो, दुसरा तिसऱ्याला. दुपारी पुण्याला पाऊस पडला की रात्री गुवाहाटीचं विमान रद्द. हे कळायला सॉफ्टवेअर लागत नाही, कुठल्याही डेपोतला जुना क्लार्क सांगेल.

या सवलतीच्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फार कोणाचं लक्ष गेलं नाही. रजा ही साप्ताहिक विश्रांतीच्या बदल्यात धरता येणार नाही, असं जे बंधन होतं ते काढून घेतलं. आणि ते एका कंपनीपुरतं नव्हे, सगळ्यांसाठी. साहेब, रजा आणि सुट्टी यातला फरक नोकरदाराला विचारा. रजेत माणूस कोर्टाच्या तारखेला जातो, बापाला दवाखान्यात नेतो, बहिणीच्या लग्नात रात्रभर जागतो. सुट्टी असते ती अंग टाकायला. आता एखाद्यानं चार दिवस रजा घेतली, तर त्याचे ४८ तास त्यातच वळते. तुम्ही तर कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेले, मेहनतीनंतरच्या झोपेची किंमत मी तुम्हाला काय सांगणार!

खरी अडचण पुढेच आहे. पायलट दारू पिऊन आला का, हे पाहायला यंत्र आहे. नळीत फुंकायचं, आकडा शून्य पाहिजे, नाहीतर घरी. पण झोप झालेली नसली तर कोणत्या नळीत फुंकायचं? १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सतरा तास सलग जागा असलेला माणूस हात आणि डोळे यांच्या मेळात, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका घसरतो. त्या पातळीला अनेक देशांत गाडी चालवायलाही बंदी आहे. पण पायलट सतरा तास जागा आहे की नाही, हे फक्त पायलटला माहीत. थकव्यासाठी आपल्याकडे एकच यंत्र आहे, ते म्हणजे त्याचा शब्द. ‘मी आज उडवण्याच्या अवस्थेत नाही’ हे तो बिनधास्त म्हणू शकतो का आणि म्हणाला तर लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात का, सगळी सुरक्षितता या दोन गोष्टींवर येऊन थांबते.

एसटीत निदान एक बरं होतं. पहाटेचा चालक लॉगशीट घ्यायला खिडकीशी यायचा. डोळे तांबारलेले, आवाज जड, हातातला चहा तसाच. मुक्कामी गाडीवर डासांनी झोपू दिलं नाही, हे त्यानं सांगायच्या आधी दिसायचं. कायद्यात आठ तास लिहिले होते, १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात. पण आठ तासांच्या आतला माणूसही कधी स्टेअरिंगवर बसवायच्या लायकीचा नसतो, आणि हे चेहऱ्यावरून कळतं. विमान कंपनीत ड्युटी मोबाइलवर येते. लावणारा कुठल्यातरी दुसऱ्या शहरात एका पडद्यासमोर. त्याला चेहरा दिसत नाही, फक्त रिकामा चौकोन दिसतो.

पहाटेच्या झोपेचं काय करायचं, हे आपल्या देशानं एकदा फार महाग शिकलंय. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टीच्या पलीकडे दरीत गेलं. सकाळचे सहा वाजून गेले होते. १६६ पैकी १५८ माणसं गेली. चौकशी समितीचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात पहिला दीड तासाहून जास्त वेळ कॅप्टनचं घोरणं ऐकू येत होतं. जाग आली तीही अर्धी. विमान उंच होतं, वेग जास्त होता, सह-वैमानिक तीनदा ‘गो-अराउंड’ म्हणाला, म्हणजे उतरू नका, वर घ्या. कॅप्टननं ऐकलं नाही. आणि हा कॅप्टन काही आठवडाभर राबलेला नव्हता, रजेवरून परतलेला होता. कागदावर त्याची विश्रांती पूर्ण होती. पण दोन ते सहा ही वेळच अशी की कागद कामाला येत नाही. नव्या नियमांत रात्र सहापर्यंत ओढली आणि लँडिंग दोनवर आणली, ती याच वेळेसाठी. तुम्ही सूट दिली तीही नेमकी याच वेळेची.

दुसरी घटना जास्त बोचणारी आहे, कारण तिच्यात आपला माणूस होता. ७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड. कॅप्टन दीपक साठे, नागपूरशी नातं असलेले, हवाई दलातून आलेले, विमान चाचण्यांचा अनुभव असलेले. करोनाच्या काळात परदेशी अडकलेल्यांना आणणारं वंदे भारत मोहिमेचं, एअर इंडिया एक्स्प्रेसचंच विमान दुबईहून घेऊन आले. पाऊस. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालेना, त्यांनी विमान वर घेतलं. दुसऱ्यांदा उलट बाजूनं, पाठीमागच्या वाऱ्यावर उतरवलं. ८,८५८ फुटांची धावपट्टी, चाकं टेकली ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी संपल्यावर. इथंही सह-वैमानिकानं ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं. दोघेही गेले, एकूण एकवीस माणसं गेली.

चौकशी अहवालानं ठपका कॅप्टनवर ठेवला आणि तो ठेवावाच लागणार होता, उतरवायचा निर्णय त्यांचाच. पण त्याच अहवालात पुढे लिहिलंय की दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून जाणारं विमान त्यांनाच न्यायचं होतं, आणि काहीही करून कोझिकोडलाच उतरायचं, ही ओढ त्यातून आली. विमान दुसऱ्या गावी नेलं असतं तर सकाळच्या उड्डाणाला कॅप्टन कुठून आणायचा? कारण कोझिकोडच्या तळावर २६ सह-वैमानिकांमागे नेमलेला कॅप्टन होता एक. एकच. अहवालानं कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाला सरळ सदोष म्हटलं.

साठ्यांना मी दोष द्यायला बसलो नाही, द्यायची माझी लायकीही नाही. मला दिसतं ते इतकंच. त्या रात्री कंपनीनं त्यांना फोन करून ‘उतराच’ असं सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही. चांगला, जबाबदार माणूस उद्याच्या रिकाम्या खुर्चीचा भार स्वतःच उचलतो. आमच्याकडेही सगळ्यात गुणी चालकच म्हणायचा, ‘राहू द्या साहेब, लोकं खोळंबलीत, नेतो मी.’ कामचुकार कधीच असं म्हणाला नाही. कंपनीचा दबाव म्हणजे दम देणारा मॅनेजर, अशी आपली समजूत असते. तो प्रकार दुर्मीळच. दबाव बहुधा रोस्टरच्या कागदात असतो, आणि तो कामसू माणसालाच आधी चिकटतो.

नागपूरचंच आणखी एक. १७ ऑगस्ट २०२३ ला इंडिगोचे एक कॅप्टन नागपूर-पुणे विमानाला निघाले असताना बोर्डिंग गेटशी कोसळले आणि गेले. वय चाळीस. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात त्यांनी तिरुअनंतपुरम-पुणे-नागपूर केलं होतं, मग २७ तासांची विश्रांती होती, असं कंपनीनं सांगितलं. थकव्यानंच गेले असं कोणी सिद्ध केलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण पहाटे तीनला कामाला लागलेल्या माणसाला दिवसाढवळ्या हॉटेलच्या खोलीत २७ तास दिले, म्हणजे त्यात झोप किती दिली, हा प्रश्न त्या दिवसापासून पायलट मोठ्यानं विचारू लागले. (अहमदाबादच्या विमान अपघाताबद्दल मी लिहीत नाही. तपास चालू आहे आणि त्यावर बोलणारे आधीच फार झालेत.)

आता इथलं सांगतो. आमच्या तालुक्यातला एक मुलगा सह-वैमानिक आहे. कंपनीचं नाव घेत नाही, मुलाचंही नाही. हे वेड त्याला घरातच लागलं, कारण आमच्या भागावरून शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. पश्चिमेला शिरपूरची प्रशिक्षण संस्था, इकडे जळगावच्या धावपट्टीवरची नवी. या शिक्षणाची जोखीमही खान्देशानं पाहिलीय. १६ जुलै २०२१ ला शेजारच्या चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात शिरपूरचं शिकाऊ विमान पडलं. प्रशिक्षक जागीच गेला. जखमी शिकाऊ मुलीला रस्त्यापर्यंत आणायला काही नव्हतं, तेव्हा तिथल्या एका आदिवासी बाईनं अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी केली आणि माणसांनी चिखलातून, दगडधोंड्यांतून तिला खाली आणलं.

तर या मुलाचा बाप केळीवाला. दोनशे तासांचं उड्डाण, परवाना, मग विशिष्ट विमानाचं वेगळं प्रशिक्षण, सगळं धरून रक्कम कोटीच्या आसपास गेली. केळीची जमीन बँकेकडे. दिवाळीला पोरगा आला तेव्हा मी भेटायला गेलो, तर भर दुपारी ओसरीवर सगळे कुजबुजत होते. खिडकीला गोधडी टांगलेली, आईनं मिक्सर लावायचा थांबवला होता, शेजारच्या पोरांना फटाके घेऊन चौकात पिटाळलं होतं. उठल्यावर चहा घेताना त्याला विचारलं, थकलास तर सांगता येतं का रे? म्हणाला, ‘येतं ना काका. अ‍ॅपवर फटीगचा रिपोर्ट टाकायचा. मग फोन येतो. रागावत नाही कोणी. गोड आवाजात विचारतात, घरी काही प्रॉब्लेम आहे का? झोप का नाही झाली? हॉटेलला काय अडचण होती? मग पुन्हा कोणी विचारतं. तिसऱ्यांदा आपणच टाकत नाही.’ बाप मध्येच म्हणाला, ‘हप्ता चुकायला नको भो, बाकी काय ते बघ.’ आणि पोरगा हसला.

कंपनी सोडून जावं म्हटलं, तर २०१७ पासून सरकारनंच नोटिशीची मुदत कॅप्टनला एक वर्ष आणि सह-वैमानिकाला सहा महिने केलेली आहे. एसटीच्या चालकाला इतका पगार नसतो हे खरं, पण इतकं बांधलेलंही नसतं.

हे वाचून वाटेल की मी पायलटांचं वकीलपत्र घेतलंय. तसं नाही. त्यांचंही एक सांगायला हवं, आणि ते त्यांनी ऐकायला हवं. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे शेकडो पायलट एकदम आजारी पडले. कोणी ताप मोजला नव्हता. संघटना केल्यावरून दोघांना काढलं होतं, त्याविरुद्धचं ते आंदोलन होतं, पण संप म्हणायचं नाही म्हणून आजारपण. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन कर्मचारी तसेच घाऊक आजारी पडले. मागण्या रास्त असतीलही. पण आजारपणाची चिठ्ठी लढाईत वापरली की उद्या खरोखर आजारी असलेल्या पायलटच्या चिठ्ठीकडे मॅनेजर कोणत्या नजरेनं बघणार? मघाशी म्हटलं, थकव्याचं यंत्र म्हणजे पायलटचा शब्द. कंपनी तो दाबून निकामी करते, तर पायलट तो लबाडीनं वापरून निकामी करतात. २०१२ मध्ये एअर इंडियाचे पायलट जवळजवळ दोन महिने बाहेर होते, तेव्हा भांडण ड्रीमलायनरचं प्रशिक्षण कोणाला यावर होतं. त्याचा प्रवाशाच्या जिवाशी काही संबंध नव्हता. तेही थकव्याच्या टोपलीत घालू नये.

आम्ही २०२१-२२ मध्ये एसटीचा पाच महिन्यांहून जास्त चाललेला संप पाहिला. मी तेव्हा नोकरीत नव्हतो. कोर्टानं मनाई केली होती, गरिबांचे अतोनात हाल झाले, शाळेच्या मुली सायकलवर किंवा पायी जाऊ लागल्या. त्या संपाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण मंडप डेपोच्या दारात होता. संप हा संप म्हणून केला. कोणी पोटदुखीचं सोंग केलं नाही.

मात्र पायलटांना मंडप टाकायला जागा कुठं आहे, हेही पाहायला हवं. तुमच्या सरकारनं २१ नोव्हेंबरपासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू केली. संपाला चौदा दिवसांची नोटीस, आणि निम्मे किंवा त्याहून जास्त कामगार ठरवून एकाच दिवशी रजेवर गेले तर तोही संप. बरं, हे दार लावलंत, कदाचित योग्यही असेल. पण मग उघडं दार कोणतं? पगाराचं भांडण पगाराचं म्हणून, बदलीचं बदलीचं म्हणून जिथं मांडता येईल, अशी मान्यताप्राप्त संघटना आणि कंपनी यांची नियमित बैठक खासगी विमान कंपन्यांत रुजलेली नाही. सगळी तक्रार एकाच फटीतून बाहेर यायला बघते, आणि ती फट म्हणजे विश्रांतीचा नियम. म्हणून कंपनीला तो नियम म्हणजे पायलटांनी मिळवलेली सवलत वाटतो. सवलत म्हटली की अडचणीच्या वेळी काढून घेता येते. ५ तारखेला तुमच्या खात्यानंही ती तशीच धरली.

अमेरिकेत याच्या उलट झालं. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, पन्नास माणसं गेली. सह-वैमानिक बाई रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून ड्युटीवर आली होती. मेलेल्यांचे नातेवाईक नुकसानभरपाई घेऊन घरी बसले नाहीत. वॉशिंग्टनला खेपा घालून त्यांनी कायदा करायला लावला, आणि २०१४ पासून पायलटला ड्युटीआधी किमान दहा तास विश्रांती, त्यात आठ तास झोपेची सलग संधी, असा नियम झाला. मागणी प्रवाशांच्या घरच्यांची होती. पायलट संघटना बरोबर होत्या, पण पुढे प्रवासी होते. तुम्हाला प्रवाशांच्या नावानं काही करायचंच असेल, तर नमुना हा आहे.

मला काय हवंय ते सांगतो. कंपनीनं फेऱ्या वाढवून मागितल्या की डीजीसीएनं विमानं किती आणि स्लॉट किती एवढंच बघू नये. कॅप्टन किती, त्यातले सुट्टी-आजारपण धरून रोज हाताशी किती, हा तक्ता आधी मागावा आणि तो लोकांना दिसेल असा ठेवावा. आमच्या आगारातला मुकादमही चालक न मोजता जादा गाडी सोडत नाही. थकव्याच्या तक्रारींचे तिमाही अहवाल कंपन्यांनी द्यायचे, असं २०२४ च्या नियमांत आहेच. ते जातात कुठं? कोणत्या कंपनीत किती तक्रारी आल्या, किती मान्य झाल्या, हे छापा. शून्य तक्रारीवाली कंपनी दिसली तर तिथं आधी माणूस पाठवा, कारण तिथं लोक झोपलेले नाहीत, गप्प आहेत. आणि पाठवायला माणूस हवा. डीजीसीएतली जवळपास निम्मी मंजूर पदं रिकामी आहेत. पायलटांची टंचाई मोजणाऱ्या खात्यातच टंचाई, हे कंपनीला चांगलं ठाऊक आहे.

रजा आणि सुट्टीचं ते बंधन परत आणा. ते काढायला एक दिवस लागला, आणायलाही एक दिवस पुरेल.

लहान कंपन्यांनाही यातून वगळू नका. जळगावला येणारं सत्तर आसनी एटीआर एका दिवसात चार-पाच वेळा चढतं-उतरतं. तिथले पायलट कमी, बदली माणूस त्याहून कमी. त्यातला एक पायलट ‘आज नाही’ म्हणाला तर जळगावची फेरी रद्द होईल, आणि आम्ही बोंब मारू, तेव्हा आमचा आमदार तुम्हाला फोन करील. त्या फोनला उत्तर द्यायची तयारी आतापासून ठेवा. मी माझ्यापुरतं सांगतो : विमान रद्द झालं तर भुसावळहून रात्रीची गाडी धरता येते. मुंबईला सकाळी पोचतो माणूस.

तुमच्या उत्तराची अपेक्षा नाही, मंत्र्याला शंभर कामं असतात. १० फेब्रुवारीला ही सूट संपते. त्याआधी कंपनी पुन्हा येईल, म्हणेल अजून माणसं घडतायत, आणखी दोन महिने द्या. ११ तारखेच्या पेपरात ‘मुदत वाढवली नाही’ एवढी ओळ दिसली, की पत्र पोचलं असं मी धरीन.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
यावल